गडग्यामागे

निवलेला चहा. फणसाखाली उरलेला अर्धा चिरा. चोचीत मेलेली सापसुरळी.

"तीन दिस झाले, तो खंड्यो रोज हयसरच येऊन बसता," सुभद्रा नवऱ्याला, तातूला म्हणाली. "पिल्लां मागे अडाकली वाटता."

जंगलाकडेची दरड खचली म्हणून तातू गवंड्याने तिथे नवा गडगा घातला होता. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते एकावर एक चिरे. खंड्या बसायचा तिथला चिरा त्याने उपसला, मग खालचा. मागे मुठीएवढं बीळ उघडं झालं. दोघं फणसाआड जाऊन उभी राहिली.

चिमुकला तिबोटी खंड्या आत शिरला.

बाहेर आला, तेव्हा सापसुरळी चोचीतच होती.

"परत रचू नकात," सुभद्रा म्हणाली.

गडगा घालताना तातूने ते बीळ पाहिलं होतं. कुर्लीचं, खेकड्याचं असेल, असं समजून पुढचा चिरा ठेवला होता.