बदकतोंड्याचे सुळे

संग्रहालयाच्या संचालकसाहेबांनी बदकतोंड्या डायनोसॉरच्या कवटीत बोट घालून पाहिलं आणि नाक मुरडलं. “बाई, याला पुढे दातच नाहीत! उद्या उद्घाटनाला मंत्री येणार, ते काय बदक बघणार?” दगडातून हाडं सोडवण्यात नऊ वर्षं घालवलेल्या बाईंनी सांगितलं, “साहेब, हा चोचीनं पाला ओरबाडायचा आणि मागच्या शेकडो दातांनी दळायचा.” “म्हणूनच नामशेष झाला. चोचीला भोकं पाडा, सुळे बसवा.” ड्रिल टेबलावर आपटून साहेब जेवायला गेले. बाईंनी खरी कवटी कापसात गुंडाळून कपाटात कुलूपबंद केली आणि तिच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीला असे सुळे ठोकले, की वाघानं लाजावं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मंत्र्यांसमोर ते प्लास्टर प्रेमानं कुरवाळलं. “सात कोटी वर्षांचं हाड आहे, महोदय. माझ्यासारख्या जाणकाराला अस्सल वस्तू नुसत्या स्पर्शानं कळते.” बाईंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.