बद्द आवाज

चर्चचे कळस पार ढगांत घुसले होते. सगळे प्रवासी माना वर करून त्यावरचे दगडी राक्षस बघत होते. म्हातारा गवंडी मात्र, जुनी खोड, भिंत बोटाने ठोकत चालला होता. दगड खणखणीत वाजत होते. नात फोटोसाठी जिथे टेकून उभी होती, तिथला दगड बद्द वाजला, आतून पोकळ असल्यासारखा.

"सूनबाई, पोरीला आधी बाजूला घ्या!"

मुलगा कॅमेऱ्याआडून हसला. "काही पडत नाही, बाबा. आठशे वर्षं उभी आहे ती भिंत. चारचौघांत शोभा नको."

म्हाताऱ्याने नातीला मनगट धरून ओढलंच. मग तो मुलाकडे वळला.

"'काही पडत नाही.' तुझी आईसुद्धा हेच म्हणाली होती. मी बांधलेल्या भिंतीला टेकून."