निळ्या झग्यावरचं ऊप्स

"सर, हे 'ऊप्स' मुळात आलं कुठून?"

वर्ग खदखदून हसला. पैज मैत्रिणींची होती: इंग्रजीच्या सरांना असा प्रश्न विचार की त्यांनी हातातला खडू खाली ठेवला पाहिजे. आणि सरांनी खडू चक्क खाली ठेवला!

"पक्कं कोणालाच माहीत नाही," ते म्हणाले. "पण बहुधा पडलेल्या पोराला उचलताना आया काहीतरी म्हणायच्या, आपण 'उठा उठा, काही नाही झालं' म्हणतो ना, तसं. त्याचंच हे आखूड झालं असावं. पुढे चूक करणाराच ते स्वतःसाठी म्हणायला लागला. तेही चूक बारीक असेल तरच हं. घर पेटवून कोणी ऊप्स म्हणत नाही."

"जिंकलीस गं भवाने!" मागच्या बाकावरून कुजबुज आली.

ती मात्र हसली नाही.

घरात हा शब्द तिनेच आणला होता. दूध उतू गेलं, ऊप्स. किल्ली विसरली, ऊप्स. बाबा वैतागायचे, आई हसायची आणि हळूहळू तीही म्हणायला लागली. शनिवारी मात्र बाबांच्या शिवणाच्या खोलीत एक ऊप्स निघालं, आणि गिऱ्हाइकाच्या निळ्या रेशमी झग्यावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला.

बाबांनी काजबटणं करणाऱ्या मावशीला धारेवर धरलं.

"मी इस्त्री उभी करून चहाला गेले होते, दादा."

"मग ती काय आपोआप आडवी झाली?"

अकरा वर्षं काम केलेल्या मावशीला बाबांनी त्याच दुपारी कायमचं घरी पाठवलं. कोपऱ्यात गणितं सोडवत बसलेल्या लेकीलाही त्यांनी विचारलं होतं. "माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली, आणि पुढचं एकच गणित तिचं तीनदा चुकलं.

आज शाळेतून आली, तर मावशीचं स्टूल रिकामंच. वरच्या खिळ्याला तिचा चष्मा तसाच लटकत होता. त्याच्याशिवाय मावशीला सुईचं नेढंसुद्धा दिसत नाही. दुसरीकडे काम तरी कसं मिळणार?

तिने चष्मा काढून दप्तरात ठेवला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या शाळेआधी मावशीकडे जाणार. चष्मा द्यायला, आणि खरं काय झालं ते सांगून तिला परत बोलवायला."

बाबांची कात्री कापडातच थांबली. "म्हणजे ती इस्त्री तू...?"

"लहान आहे हो ती," आई घाईघाईने म्हणाली. "होते चूक. रागावू नका तिला."

तिने आईकडे पाहिलं.

"ते ऊप्स माझं नव्हतं, बाबा. मी नुसतं ऐकलं. आई, तू येतेस माझ्याबरोबर, की मी एकटीच जाऊ?"