फाटका मांडा

अनीसचाचांनी घुंगरांचा पट्टा झटकला, दुकान खणखणून उठलं, आणि नेमकं तेव्हाच रेवाचं तोंड बंद पडलं.

समोर पुण्याहून आलेली आठ माणसं उभी होती. 'चला, नंदुरबार पायी पाहू या' असं तिनेच मोबाइलवर टाकलं होतं, आणि ही माणसं खरंच आली होती. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथारींवर निभावलं. तिथे बोलायची वेळच आली नाही. दूरवर पसरलेल्या त्या लाल रंगाने सगळ्यांचे डोळे दिपले, बाकीचं काम ठसक्याने केलं. पण इथे कॅमेरावाल्या मुलीने पट्टा उचलून विचारलं, "कसला भारी आहे! पुण्यात कमरेला बांधून मिरवता येईल. कोण घालतं हे?"

उत्तर रेवाला पाठ होतं. "सातपुड्यातील आदिवासी बांधव होलिकोत्सवाच्या प्रसंगी..." एवढं म्हणून ती थांबली. पुढचं सगळं पुसलं गेलं.

सहावीत असंच झालं होतं. स्नेहसंमेलनात भाषणाला उभी राहिली, पाठ केलेलं विसरली आणि घरची बोली तोंडातून निसटली. "मन्हं गाव नंदुरबार शे..." आख्खं पटांगण हसलं. तेव्हापासून चार माणसांत ती मान खाली घालून बसायची. बघायला आलेल्या एका पाहुण्याने तर "मुलगी मुकी नाही ना?" असंही विचारून घेतलं होतं. आज पुन्हा मान खाली गेली, तर ती कधीच वर यायची नाही, हे रेवाला कळत होतं.

अनीसचाचा पितळी घुंगरू ओवत होते. मान न उचलताच म्हणाले, "पाठ करेल काय सांगस व पोरी? आपली बोलीमा सांग. पुनावाला काय तुले खाई जातीन का?"

रेवाने मान वर केली.

"जो हाऊ पट्टा कंबरले बांधस ना, तो आगोदर पाळस," ती म्हणाली. "खाटवर झोपस नही. पायमा चप्पल घालस नही. देवले नवस बोलेल ऱ्हास, म्हनीसन नाचस. फॅशन नही ती, ताई. व्रत शे."

कोणी हसलं नाही. कॅमेरावाल्या मुलीने पट्टा दोन्ही हातांनी, देवाची वस्तू द्यावी तसा, चाचांना परत दिला. मग म्हणाली, "अजून सांग ना."

मग रेवा थांबली नाही. शगुफ्ताआपाच्या दुकानात पुण्याच्या बायकांनी बांगड्या भरल्या, तेव्हा कोणती बांगडी कोणत्या सणाला, ते तिने सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी कढईतली शेव पाहून सगळे रेंगाळले, तर म्हणाली, "पोट भरू नका. मन्ही माय रागे भरीन." अर्धी अहिराणी, अर्धी शाळेतली मराठी. पाण्याने वाट काढावी तसा तिचा आवाज पुढे पुढे जात होता.

शेवटचा मुक्काम तिच्याच घरच्या अंगणात होता. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं होतं आणि समोर भिकुबाई, रेवाची माय, पदर खोचून बसली होती. मांड्यासाठी पुरण भरलेला कणकेचा उंडा तिने हातावर घेतला. या हातावरून त्या हातावर झुलवत, थेट कोपरापर्यंत पसरवत नेला. धोतरासारखा पातळ, आरपार दिसेल असा.

"मन्ही मायसारखा मांडा नंदुरबारमा कोनी करस नही," रेवा ठणठणीत आवाजात म्हणाली. "पोर शे म्हनीसन नही सांगत. खाईसन दखा!"

आणि भिकुबाईच्या हातावरचा मांडा टर्रकन फाटला.

रेवा चपापली. मायच्या हातून मांडा फाटलेला तिने आजवर पाहिला नव्हता. भिकुबाईने तो तसाच भाजला आणि बाजूला ठेवला. फाटका मांडा पाहुण्यांच्या ताटात जात नाही. दुसरा उंडा घेतला. मग एकामागून एक मांडे उतरले. दूध-तुपात बुडवून पाहुण्यांनी ते ताट चाटूनपुसून खाल्ले.

"आई, आता तुम्हीही बसा," कॅमेरावाली मुलगी म्हणाली.

"ती मांडा खात नाही," रेवाने हसत सांगितलं, पण हसण्यात एक बारीक काटा होता. "आमच्यात कानबाईला नवस बोलताना आपला आवडता घास सोडतात. मी सहावीत होते, भावेशदादा बारावीला. तेव्हापासून हिने मांडा सोडलाय. दादा इंजिनिअर झाला, सुरतेला गेला, लग्नही झालं. तरी हिचा नवस काही फिटत नाही. लेक आहे ना तो!"

भिकुबाईने हात धुतले. फाटक्या मांड्याचा एक तुकडा कोनाड्यातल्या कानबाईपुढे ठेवला आणि हात जोडले. मग चुलीपाशी परत येऊन उरलेल्यातला घास मोडला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

"माय!" रेवा ओरडलीच. "दादाना नवस?"

भिकुबाई सावकाश चावत होती. विसरलेली चव पुन्हा ओळखीची झाली.

"भावेशना नव्हताच तो, बाय," मग ती हळूच म्हणाली. "शाळामा आख्खं गाव तुले हासनं ना, त्याच रोजे सोडेल व्हता."