संपादकांची दुरुस्ती

लग्न होऊन ओडिशातून वर्तकनगरला आलेल्या मिनती बेहेराने शेजारच्या शकूताईंकडून मराठी शिकून घेतली आणि त्याच मराठीत कादंबरी लिहिली. शेवटचा खर्डा वाचून ताई म्हणाल्या, "एक वेलांटी चुकली नाही गं तुझी!"

नौपाड्यातल्या प्रकाशन सोहळ्यात छापील पुस्तक पहिल्यांदा तिच्या हातात आलं. पहिल्याच पानावर 'माझा आई', पुढे 'ती आला'. चहाच्या घोटात माशी यावी तशी तिला शिसारी आली. ती तडक संपादक टिपणिसांकडे गेली.

"सर, या चुका माझ्या नाहीत!"

टिपणीस हसले. "ठाऊक आहे. मीच घातल्यात."

"का?"

 

"अहो, सगळं शुद्ध असलं तर बाहेरच्या बाईने लिहिलंय म्हणून कौतुक कोण करणार?"