कवठाळा पाटी, पावणेआठ

“अक्का, एक तारखेपासून ही गाडी बंद होऊन राहिली,” तिकीट हातात देत कंडक्टर संघपाल शिवकांताला म्हणाला.

शेजारी तिचा नवरा व्यंकट खिडकीला डोकं टेकून बसला होता. दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवार-शुक्रवार नांदेडच्या दवाखान्यात डायलिसिस. दहाच्या आत नंबर लावला तरच मशीन मिळायची. गावच्या फाट्यावरून, कवठाळा पाटीवरून, पावणेआठला ही गाडी जायची, म्हणून तर तो दीड वर्ष तगला होता. पुढची गाडी बाराची. जीपवाले त्याला घेत नसत. एकदा तो जीपमध्येच ओकून बेशुद्ध पडला, तेव्हापासून त्याला बघितलं की ते जास्तच जोरात पळवायचे. त्याच्याबरोबर मशीनला लागलेल्यांपैकी चौघांचं येणं गाडीवाचून बंद झालं होतं. चौघंही गेले.

“बंद? का म्हणून?”

“गोदाई परिवहनाचं नवं जाळं येतंय. रेल्वे, शहरातल्या बसा, खेड्याच्या गाड्या, सगळ्याला एकच कार्ड. ज्या गाडीला माणूस न्हाई, ती गाडी जाळ्यात न्हाई. सोमवारपासून पंधरा दिवस मोजणी हाय.”

शिवकांतानं मागं वळून पाहिलं. एवढ्या मोठ्या गाडीत अकरा टाळकी.

संघपाल देगलूरचा, मनानं भला माणूस. नांदेडला उतरताना हळूच म्हणाला, “गाडी भरून दाखवा, अक्का. पण मधे उतरू नका, लांबचा पाशिंजर असला की साहेब लोक खूश. अन् कुणी विचारलं तर जास्त बोलायचं न्हाई. उगंच बसलेली माणसं हायत हे कळलं तर मोजणी रद्द.”

शिवकांतानं जिवाचं रान केलं. घर ना घर पालथं घातलं, पाया पडली, भांडलीसुद्धा. गाव करी ते राव न करी म्हणतात ते काही खोटं नाही. सोमवारी पाटीवर ही झुंबड! वेचणीला आलेला कापूस तसाच टाकून बाया आल्या. सत्तरीची सरजाबाई रोज नांदेडच्या स्टँडवर पंख्याखाली बसायची, शेंगा खायची आणि दुपारच्या परतीच्या गाडीनं घरी यायची.

“लेकीचं स्थळ बघाया एवढी फिरले न्हाई बाई,” ती म्हणायची, “पण व्यंकट जगला पायजे.”

गाडी अशी ठासून भरायची, की मधल्या थांब्यांवरची माणसं तिचा नाद सोडून जीपला हात करू लागली. शिवकांताला त्यांचं वाईट वाटायचं. पण आपलं माणूस मरायला टेकलं की दुसऱ्याचं किती वाईट वाटून घ्यायचं?

व्यंकटला बसल्या जागी काही ना काही वाचायची सवय. दुकानाचे फलक, औषधाच्या चिठ्ठ्या, काहीही. तो तिकीट डोळ्यांजवळ धरून म्हणाला, “नायगाव ते नांदेड. आपल्या पाटीचं नावच न्हाई की यात.”

“दाजी, पाटीला भाड्याचा टप्पा कुठं हाय?” संघपाल हसला. “तुमी हात दाखवता, डायवर थांबतो. तिकीट मागच्या टप्प्यापासनं निघतं, म्हणजे नायगावपासनं. माझ्या आधीपासून असंच चालू हाय.”

“असू दे, असू दे,” शिवकांता म्हणाली. “गाडी थांबल्याशी मतलब.”

शेवटच्या दिवशी मोजणीचे साहेब, भीमाशंकर, नांदेडच्या स्टँडवर उभे होते. त्यांनी संघपालची तिकिटाची मशीन घेऊन पंधरा दिवसांचा हिशेब चाळला आणि त्यांचे डोळे चमकले.

“कमाल आहे! सगळे नायगावहून थेट नांदेड. मधे चढ-उतार जवळजवळ नाहीच!” मग समोरच उभ्या शिवकांताकडे वळून म्हणाले, “कुठल्या तुम्ही, ताई?”

तिनं संघपालकडं बघितलं. त्याची मान खाली. तिला हातातलं तिकीट आठवलं.

“नायगावची,” ती म्हणाली. “लई गरज हाय साहेब, ह्या गाडीची.”

“दिसतंय ना. काळजीच करू नका.”

महिनाअखेरीला संघपालचा फोन आला. “अक्का, वाचली! यादीत आपली गाडी पहिली. अन् नवी कोरी गाडी देऊन राहिले!”

“आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन,” सरजाबाईनं कानशिलावर बोटं मोडली. त्या रात्री व्यंकट ढसाढसा रडला. “मला वाटलं होतं, सुटलो एकदाचा. तुलाबी सोडवलं,” तो म्हणाला. “आता जगावं लागतंय बघ.” शिवकांतानं त्याला जवळ घेतलं. दीड वर्षात पहिल्यांदा तिला शांत झोप लागली.

एक तारखेला मंगळवारच होता. पाटीवर गाव जमलं. कुणी नारळ आणला, कुणी पेढे. झेंडूचा हार शिवकांताच्या हातात होता. व्यंकटला सिमेंटच्या बाकड्यावर बसवलं होतं. शुक्रवारपासून त्याच्या पायांवर सूज चढली होती.

बरोबर पावणेआठला वळणावर गाडी दिसली. नवीकोरी, निळी, काचा चकाकणारी. शिवकांतानं नेहमीसारखा हात दाखवला.

डायवरनं हॉर्न दिला. गाडी हळू झाली नाही. शिवकांता हार घेऊन चार पावलं पळाली. गाडीच्या शेवटच्या काचेत संघपाल दिसला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

धुरळा खाली बसायच्या आत, बाकड्यावरून व्यंकटनं सवयीनं गाडीच्या पाठीवरची मोठी अक्षरं वाचून दाखवली.

“प्रवाशांच्या उदंड प्रतिसादाबद्दल आभार. नायगाव ते नांदेड, आता विनाथांबा.”