परवलीचा शब्द

अलार्म बसवायला आलेल्या कंपनीच्या राजकुमारनं चार उदबत्त्या एकदम पेटवल्या आणि स्टुलावर चढून छताला चिकटवलेल्या पांढऱ्या डबीखाली धरल्या. "घाबरू नका मावशी, नुसती चाचणी हाय," तो म्हणाला. डबीनं थोडा वेळ धूर पचवला आणि मग अशी काही किंचाळली, की द्वारकाबाईंनी दोन्ही कानांवर पदर ओढला. राजकुमारनं घाईघाईनं तिचं बटण दाबून तिला गप्प केलं.

सोमनाथ मात्र खूश होता. आईवडिलांच्या घराला राखण कोणाची लावायची हे ठरवायला तो खास पुण्याहून आला होता. आदल्या दिवशी दुसऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला, पण त्यांचा नुसता भोंगा वाजणार. पुंडलिकनगरात भोंगा वाजला तर लोक कुणाची तरी वरात आली म्हणून गॅलरीत येतील, असं सोमनाथचं म्हणणं. राजकुमारच्या कंपनीचं तसं नव्हतं. धूर असो की चोर, इकडे डबी वाजली की तिकडे त्यांच्या कंट्रोल रूममध्ये कळणार, तिथून लगेच फोन येणार आणि परवलीचा शब्द विचारणार. शब्द बरोबर आला की झालं. नाही आला, तर घरात काहीतरी विपरीत आहे असं समजून त्यांची गाडी निघणार.

"आई, शब्द मी भरून टाकलाय," मघाशीच सोमनाथ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला होता. "अण्णांचं नाव. तात्यासाहेब. तू विसरणार नाहीस असाच ठेवलाय."

परक्या माणसासमोर द्वारकाबाई काय बोलणार? लग्नानंतर त्यांनी नवऱ्याचं नाव कधी सरळ तोंडानं घेतलं नव्हतं. बँकेत विचारलं की त्या आधार कार्ड पुढं करायच्या, दवाखान्यात विचारलं की नवऱ्याकडंच बघायच्या. सून सोमनाथला खुशाल नावानं हाक मारी, त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण स्वतःची जीभ वळायची नाही ती नाहीच.

आणि आज तर सगळं या चाचणीवरच येऊन ठेपलं होतं. गेल्या महिन्यात त्या गॅसवर दूध ठेवून विसरल्या आणि पातेलं जळून कोळसा झालं. पाठोपाठ, दोघं शेंद्र्याला शेतावर गेलेले असताना, मागच्या दाराचं कुलूप कुणीतरी तोडलं. तेव्हापासून सोमनाथनं धोशा लावला होता: हे यंत्र तुम्हाला जमलं तर राहा इथं, नाहीतर घर भाड्यानं देऊ आणि दोघंही पुण्याला चला. तिथं वरच्या मजल्यावर दिवसभर दार लावून बसायचं, या विचारानंच द्वारकाबाईंना घास गोड लागत नव्हता. तात्यासाहेब हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. आताही ते पेपर तोंडासमोर धरून बसले होते.

फोन वाजला. राजकुमारनं तो स्पीकरवर टाकून द्वारकाबाईंच्या हातात दिला.

"नमस्कार, आपल्या घरून धुराचा इशारा आलाय," पलीकडून एका बाईचा आवाज आला. "आपला पासवर्ड सांगा."

"ते... सोमनाथचे वडील," द्वारकाबाई म्हणाल्या.

"पासवर्ड सांगा, मॅडम."

"आमचे मालक. हे काय, इथंच बसलेत की."

"मॅडम, फक्त पासवर्ड."

सोमनाथनं राजकुमारकडं बघून मान हलवली. "विसरली," तो हळूच म्हणाला.

"दुसरा ठिवू की, साहेब," राजकुमार म्हणाला. "गुलाब, मोगरा, कायबी."

"शब्दाचा प्रश्न नाहीये. आज हा विसरली, उद्या तो विसरेल. आणि गॅस चालू असताना विसरली म्हणजे?" तो आईकडं वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "राहू दे, आई. आपण पुण्यालाच जाऊ."

विसरली म्हणे. जे नाव जन्मभर जिवापाड जपलं, ते विसरली. द्वारकाबाईंना रडूच यायचं, पण त्याआधी राग आला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, फोन तोंडाशी धरला आणि भर मांडवात उभ्या असल्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"देव्हाऱ्यात लावला दिवा, दाराला लावली कडी,
तात्यासाहेबांचं घर सोडायची नाय मी एक घडी."

पलीकडून कुणीतरी हसू दाबल्यासारखं झालं. "धन्यवाद, मॅडम," ती बाई म्हणाली. "शब्द बरोबर आहे. गाडी पाठवत नाही."

"तू नाव घेत नाहीस, हे माझ्या ध्यानातच आलं नाही," सोमनाथ म्हणाला.

"व्हय. आन् विसरते कोण, तर म्हणं मी," द्वारकाबाई म्हणाल्या आणि फोन त्याच्या हातात ठेवून त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

सोमनाथ ओशाळला. तो राजकुमारला म्हणाला, "एक डबी स्वयंपाकघरात लावा. आणि मागच्या दाराला काय लावायचं ते लावून टाका आजच."

राजकुमार ड्रिल घेऊन आत निघाला आणि दारातच थांबला. "मंग पासवर्ड बदलून देऊ का? मावशीला लई अवघड जातोय. गुलाब करतो."

तात्यासाहेबांनी पेपरचं पान उलटलं.

"राहू द्या तोच," ते म्हणाले.